समुद्राखालचं शहर आणि बंद पडलेली लिफ्ट

माझ्या कपाटात, अगदी खालच्या खणात, समुद्राखालचं एक शहर आहे. त्याला तीन वेशी आहेत, काचेचे घुमट आहेत, पिढ्यानपिढ्या भांडणारी दोन घराणी आहेत आणि सगळं ठाऊक असूनही तोंड न उघडणारा एक म्हातारा पाणबुड्या आहे. या शहराची कथा १२० पानांची ठरली होती. ११ पानं काढून होईपर्यंत तीन वर्षं गेली. अकराव्या पानावर सैन्य उत्तरेच्या वेशीतून बाहेर पडायला लागतं. ते अजून बाहेर पडतंच आहे.

मी पेशाने चित्रकार नाही. ऑफिसात हिशेब बघतो. घरी बायको आहे, तीही नोकरी करते. नऊ वर्षांची मुलगी आहे. अर्ध्या तासाच्या अंतरावर आईवडील राहतात. कॉमिक्सचं वेड मात्र जुनं, वाचता वाचता कधीतरी हात शिवशिवायला लागले ते लागलेच. त्या तीन वर्षांत कोणी 'काय, चित्रं काढतोस की नाही हल्ली?' असं विचारलं की उत्तर तयार असायचं : वेळच मिळत नाही. हे उत्तर इतकं सोयीचं आहे की ते खरं आहे का, हे कोणी तपासत नाही. देणाराही नाही.

तपासलं गेलं ते मुलीच्या गृहपाठामुळे. दिवसभरात कुठल्या कामाला किती वेळ लागतो याची तिला आठवडाभर नोंद ठेवायची होती. तिला सोबत म्हणून मीही एक वही केली आणि तेव्हा हाताशी असलेल्या अकराव्या पानाचा वेळ मांडला. थंबनेल, म्हणजे पानावर कुठली चौकट कुठे येणार याचं बोटभर कच्चं रेखाटन, त्याला ४० मिनिटं. पेन्सिलला ३ तास. शाईला अडीच. लेटरिंगला, म्हणजे संवाद हाताने लिहायला, १ तास. स्कॅन करून धूळ, डाग, खोडलेल्या रेघा साफ करायला ४५ मिनिटं. बेरीज ७ तास ५५ मिनिटं. पाच मिनिटं नाक पुसण्यात गेली असं धरलं तर पानाला आठ तास.

म्हणजे १२० पानांना ९६० तास. मला आठवड्याला सगळं मिळून तीन तास मिळत होते, तेही चांगल्या आठवड्यात. ३२० आठवडे. एकही रविवार न चुकता सहा वर्षांहून जास्त. दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांत चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या कामाचा हा त्रैराशिकाचा हिशेब तीन वर्षांनी सुचावा, याची मला आजही लाज वाटते.

लाज वाटली आणि बरंही वाटलं. तोवर मी स्वतःला आळशी समजत होतो. आळस थोडा होताच, पण मुळात मापच चुकलं होतं.

हे माप कुठून आलं तेही सांगतो. आपण ज्यांची कॉमिक्स वाचतो त्यांच्याकडूनच आपण मापं उचलतो. अमेरिकन व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झने १९५० ते २००० या काळात वर्तमानपत्रातल्या 'पीनट्स' या चित्रमालिकेच्या १७,८९७ पट्ट्या काढल्या, त्याही मदतनीस न ठेवता. असा आकडा वाचला की अंगात वीरश्री संचारते आणि रात्री अकराला कागद काढून बसलं की ती उतरते. तो त्याचा पूर्ण वेळचा धंदा होता, तो सकाळी उठून तेवढंच करत होता, ही गोष्ट वीरश्रीच्या भरात लक्षात राहत नाही. आणि पूर्ण वेळ हेच काम करणाराही दमतोच. बिल वॉटरसनने 'कॅल्विन अँड हॉब्ज' ही तशीच मालिका दहा वर्षं चालवली, पण मधे १९९१ आणि १९९४ मध्ये दोनदा लांब सुट्टी घेतली, दर वेळी सुमारे नऊ महिन्यांची. माझ्या उपयोगी पडला तो हार्वी पीकर. क्लीव्हलँडच्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये तो फायली लावणारा कारकून होता. १९७६ पासून तो स्वतःच्या खर्चाने 'अमेरिकन स्प्लेंडर' हे कॉमिक काढायला लागला आणि नाव झाल्यावरही त्याने नोकरी सोडली नाही, २००१ मध्ये रीतसर निवृत्त झाला. त्याला चित्रं येत नव्हती. काड्यांची माणसं काढून तो चौकटी आखायचा आणि चित्रकारांच्या हाती द्यायचा. कथा कसल्या, तर रांगेत उभं राहणं, किल्ली हरवणं, ऑफिसातली कुरबुर. त्याच्याकडून मी घेतलं ते एवढंच की ज्याच्या दिवसाला आठ तासांचं भोक पडलेलं आहे, त्याने महाकाव्य हाती घेऊ नये.

हे शहाणपण लगेच आलं असं मात्र नाही. हिशेब कळल्यावर मी आधी उलट्या टोकाला गेलो. स्कॉट मॅक्लाउड या कॉमिक्सकाराने १९९० मध्ये एक खेळ काढला होता : चोवीस तासांत चोवीस पानांचं कॉमिक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आधी काहीही तयारी न करता. मला वाटलं, हेच आपलं औषध. एक दिवस मागून घ्यायचा आणि मोकळं व्हायचं. एका शनिवारी सकाळी सहाला बसलो. पहिली सहा पानं भराभर झाली. दुपारपर्यंत हात इतका सैल झाला की आयुष्यात प्रथमच मी चेहरा न खोडता काढला. ते सुख खरं आहे, ते मी नाकारणार नाही. रात्री आठला तेराव्या पानावर होतो, तेव्हा मुलीला ताप भरला. या खेळात हरण्याच्याही दोन मानाच्या पद्धती आहेत. चोवीस तास संपले की जिथे असाल तिथे थांबायचं, ती नील गेमन या लेखकाच्या नावाची. वेळ उलटला तरी चोवीस पानं पुरी करूनच उठायचं, ती केव्हिन ईस्टमन या कॉमिक्सकाराच्या नावाची. तापमापक हातात घेऊन चौदाव्या तासाला उठणाऱ्यांच्या नावाने अजून पद्धत निघालेली नाही.

त्यानंतरचा आठवडा मी घरात निरुपयोगी होतो. मान आखडलेली, झोप पुरी नाही, चिडचिड. आणि तो शनिवार फुकट मिळाला नव्हता हे मला तेव्हा कळलं, कारण बायकोने ते सांगितलं. ती भांडली नाही. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "तू रविवारी सकाळी दार लावून बसतोस ना, तेव्हा बाहेर काय काय होतं सांग बरं?"

मला तीन गोष्टी सांगता आल्या. तिने अकरा सांगितल्या. मुलीचं उठणं, अंघोळ, गणिताची वही, धुणं, आठवड्याचं सामान, माझ्याच आईला फोन, गॅलरीतल्या कुंड्या, नळवाला, आणखी काय काय. "तुला वेळ मिळतो असं तू म्हणतोस," ती म्हणाली, "मिळत नाही रे. तो मी देते. देते याचं काही नाही, पण निदान तू मागत जा."

यावर मी आधी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. 'मी काय पार्ट्या करायला जातो का' या जातीचं होतं. दोन दिवसांनी डोकं ताळ्यावर आल्यावर आम्ही बसून ठरवलं : रविवारी सकाळी सात ते दहा माझे, शनिवारी सकाळी सात ते दहा तिचे. ज्याचे तास त्याला हाक मारायची नाही, ताप आणि आग सोडून. पहिल्या शनिवारी मला उत्सुकता होती, की ही काय करणार? गाणं परत सुरू करेल? ती झोपली. दुसऱ्याही शनिवारी झोपली. तिसऱ्या वेळी मी भीतभीत विचारलं, "तुला काही करायचं नाहीये का?" तर ती म्हणाली, "करतेय की. झोपतेय."

त्या शनिवारांनी मला चित्रकलेच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवलं. अकरापैकी आठ गोष्टी मी आता करतो. कुंड्या मात्र दोनदा वाळवल्या.

तर हातात आठवड्याला तीन तास होते, हक्काचे. आता तीन तासांच्या मापाची कथा हवी होती. मी शहर बाजूला ठेवलं (फेकलं नाही, खालच्या खणात ठेवलं) आणि बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या दोन माणसांची गोष्ट घेतली. दोघं एकाच इमारतीत राहतात, कधी बोललेले नाहीत, एकाच्या हातात गादीची गुंडाळी आहे. २४ पानं. ही कथा मला अंतःस्फूर्तीने सुचली असं सांगायला आवडलं असतं. खरं कारण असं, की लिफ्टला पार्श्वभूमी नसते. तीन भिंती, एक दार, बटणांची एक पट्टी. समुद्राखालच्या शहरात एका चौकटीत मी चाळीस खिडक्या काढत होतो आणि त्यातली एकही कोणी बघणार नव्हतं. शिवाय लिफ्टमधले दिवे जातात. कॉमिक्समध्ये अंधारासारखी स्वस्त गोष्ट नाही. काळ्या चौकटीत दोन डोळे आणि संवादाचा एक फुगा, झालं.

चौकटींची मांडणीही मी ठरवूनच टाकली : पानावर सहा सारख्या चौकटी, दोनाच्या तीन रांगा, चोवीसही पानं तशीच. आधी दर पानाला नवी रचना जुळवण्यात माझी चाळीस मिनिटं जायची आणि त्यातली तीस वाचणाऱ्याला 'बघा, कशी रचना केलीय' हे दाखवण्यासाठी असायची. सारख्या चौकटींनी तो हट्ट गेला. मग एखाद्या ठिकाणी दोन चौकटी जोडून एक रुंद केली की तेवढ्यानेच वाचणारा दचकतो. अशी रुंद चौकट मी अख्ख्या कथेत दोनदा वापरली, एकदा दिवे जातात तेव्हा आणि एकदा गादी उलगडतात तेव्हा. या सगळ्याने पानाचा वेळ आठ तासांवरून सहावर आला. २४ पानांना १४४ तास, आठवड्याला तीन तास धरून ४८ आठवडे. वर्षाच्या आत. हा आकडा भिंतीवर लावला.

पण सात ते दहा हे तीन तासही अख्खे कुठे असतात. सुरुवातीला त्यातला बराच वेळ मांडामांडीत जायचा. जेवणाच्या टेबलावरचं सगळं हलवा, कागद आणा, शाईची बाटली उघडा, टाक काढा, पाण्याचा पेला, चिंधी. आणि दहा वाजता हेच उलट्या क्रमाने. मग एक लाकडी फळी आणली. पान तिच्यावर चिकटपट्टीने लावलेलंच राहतं, काम झालं की फळी पलंगाखाली सरकते. आठवड्यात कधी रात्री वीस मिनिटं मिळाली तरी फळी ओढली की हात थेट कागदावर. ही फळी म्हणजे या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी सुधारणा आहे, आणि ती कुठल्याही दुकानात 'चित्रकारांसाठी' म्हणून मिळणाऱ्या वस्तूंपेक्षा जास्त कामाची निघाली.

फळीपायी टाक मात्र गेला. पलंगाखालून सरकणाऱ्या फळीवर उघडी शाईची बाटली ठेवली की काय होतं ते चादरीवर अजून आहे. मी ब्रश पेनवर आलो. टोपण काढा, रेघ ओढा, टोपण लावा. धुणं नाही, निब गंजणं नाही. लोक म्हणतात काही फरक पडत नाही. पडतो. टाक दाबला की फाकतो आणि रेघ जाड होते, उचलत आणला की केसासारखी बारीक. तशी थरथरती, जिवंत रेघ ब्रश पेनने निदान मला तरी येत नाही. माझ्या लिफ्टमधली माणसं टाकाने काढली असती तर जास्त देखणी झाली असती आणि झालीच नसती. टॅबलेटवरही महिनाभर करून बघितलं. तिथे चुकलेली रेघ मागे घेता येते, हाच माझ्यासाठी तोटा ठरला. एका डोळ्यावर पाऊण तास घालवला आणि शेवटी पहिलाच डोळा बरा होता.

कामाचे प्रकार वेगळे केले, हे त्याहून महत्त्वाचं. थंबनेलला ताजं डोकं लागतं. ते मी सकाळी बसमध्ये करायला लागलो, हाताच्या पंजात मावेल अशा वहीत. हलत्या बसमध्ये रेघ वाकडी येते, पण थंबनेलमध्ये वाकडी रेघ हीच रेघ. पेन्सिलला शांतता आणि सलग वेळ लागतो, तो रविवार. शाईचे दोन भाग पडतात. चेहरे आणि हात थकलेल्या हाताने कधीच करायचे नाहीत, हा नियम मी चार चेहरे बिघडवून शिकलो. पण चौकटींच्या कडा, लिफ्टच्या भिंती, काळं भरणं, हे रात्री साडेदहालाही होतं, डोकं बंद ठेवून. किंबहुना डोकं बंद ठेवायलाच होतं. हिशेबाच्या दिवसानंतर काळं भरण्यासारखी विश्रांती नाही. आणि रात्री थांबताना पान कधीच पुरं करून थांबायचं नाही. एखादी भिंत अर्धी सोडायची. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं, हा प्रश्नच पडत नाही.

काळं भरायच्या जागी पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवायची जुनी रीत आहे. त्या फुल्यांमुळे मुलगी कामाला लागली. तिला फुली म्हणजे काय हे एकदा सांगितलं, की ती जाड मार्कर घेऊन शेजारी बसायची. मी तिचं कौतुक करणार होतो, पण सातव्या पानावर तिने गादीवरची फुलंही काळी केली, कारण तिला ती फुल्या वाटली. तेव्हापासून माझ्या कथेतली गादी सातव्या पानानंतर काळी आहे. वाचणाऱ्यांपैकी एकाने त्यावर 'अंधार हळूहळू वस्तूंमध्ये झिरपतो, हे छान दाखवलंय' असं सांगितलं. मी मान हलवली.

लेटरिंगबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मराठीत कॉमिक्स काढणाऱ्याचा बराच वेळ इथे जातो आणि शिकवणारं साहित्य बहुतेक इंग्रजी अक्षरांचं असतं. इंग्रजी कॉमिक्सचे संवाद बहुधा नुसत्या मोठ्या लिपीत असतात. सगळी अक्षरं एका उंचीची, ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी चालतं. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार, ऋकार, शिवाय जोडाक्षरं. वरच्या ओळीतला 'कू' खालच्या ओळीतल्या 'र्की'च्या डोक्यात शिरतो. ओळींमध्ये बरंच जास्त अंतर सोडावं लागतं आणि तेवढा फुगा मोठा होतो. फुगा मोठा झाला की माणसाचं डोकं कापलं जातं. मी आधी चित्र काढून मग उरलेल्या जागेत फुगे कोंबत होतो. हे उलटं करायला हवं : आधी संवाद पेन्सिलने लिहून जागा अडवायची, मग उरलेल्या जागेत माणसं बसवायची. एवढ्यानेच पानामागे पाऊण तास वाचला.

दुसरी अडचण आपल्या भाषेच्या स्वभावाची आहे. आपले शब्द शेपट्या लावत लांब होतात. 'इमारतीतल्यांपैकी', 'चौथ्या मजल्यावरच्यांना'. हे अरुंद फुग्यात मावत नाहीत आणि मधे तोडले तर शिरोरेघ तुटून दोन वेगळे शब्द वाटतात. मग संवादच बदलावा लागतो. 'चौथ्या मजल्यावरच्यांना सांगितलंत का?' याचं 'वर सांगितलं?' झालं आणि सुधारलं. माझ्या पात्रांचं तुटक बोलणं वाचणाऱ्यांना आवडलं, पण ते फुग्याच्या रुंदीमुळे तसं बोलतात. ओरडणं दाखवायला आपल्याकडे मोठी लिपी नाही, म्हणून मी अक्षर जाड करतो आणि शिरोरेघ जरा वाकडी नेतो. ती करवतीसारखी दातेरी केली तर किंचाळी होते. आवाजांच्या बाबतीत मात्र आपण श्रीमंत आहोत. लिफ्ट थांबते ती 'खाडकन', केबल करते 'कर्रर्र', दार हलतं 'खडखड', गादी पडते 'भद्द'. इथे मला शोधाशोध करावी लागली नाही, आजीची भाषा आठवली की पुरे.

मधल्या काळात ऑफिसात कळलं, की मी चित्रं काढतो. हे कळू देऊ नये. निरोप समारंभाचं कार्ड, कोणाच्या भावाच्या दुकानाचं बोधचिन्ह, 'माझ्या मुलाचं कार्टून काढ ना, तुला काय, दहा मिनिटांचं काम'. मी पहिले तीन महिने हो म्हणत गेलो आणि त्या तीन महिन्यांत लिफ्ट दोन पानं पुढे सरकली. मग एक उत्तर ठरवलं : 'सध्या एक काम हातात आहे, ते संपलं की सांगतो.' खोटं नाही आणि वाईटही वाटत नाही. एका बाईंना मात्र कार्टून काढून दिलं, त्यांनी मागितलं नव्हतं म्हणून.

सोळाव्या पानावर असताना वडील हॉस्पिटलमध्ये गेले. नऊ आठवडे. त्या नऊ आठवड्यांत मी एकही रेघ काढली नाही. खिशात वही होती. बाकावर बसून तासन्‌तास जायचे, म्हणजे वेळेची सबब नव्हती. अशा वेळी कला माणसाला धीर देते असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. मला दिला नाही. वही उघडली की लिफ्टमधली दोन माणसं इतकी खोटी वाटायची की ती परत मिटायचो. घरी पलंगाखाली फळीवर सोळावं पान चिकटवलेलं होतं, अर्ध्या भिंतीसकट, आणि मी तिच्याकडे बघायचंही टाळत होतो. बायकोने तेव्हा आपले शनिवारही सोडले होते. त्याबद्दल ती काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

वडील घरी आले, आता काठी घेऊन चालतात. त्यांना सोडून आलो त्या रात्री मी फळी ओढली. चिकटपट्टी सुकून एका कोपऱ्यात कागद उचलला होता. अर्धी भिंत पुरी करायला बारा मिनिटं लागली. मोठं काही मनात आलं नाही, भिंत होती, ती भरली. पण पुढच्या रविवारी चेहरे काढायला बसलो तर हात ऐकेना. सोळाव्या पानापर्यंतचा गादीवाला आणि सतराव्यावरचा गादीवाला वेगळे दिसतात. सतराव्यावरचा थकलेला आहे. मी तो तीनदा खोडला आणि मग तसाच ठेवला. लिफ्टमध्ये पाच तास अडकलेला माणूस थकणारच.

शेवटची पाच पानं मी घाई करून बिघडवली. संपत आलं की चाकं उतारावर लागतात. रोज रात्री बसू लागलो, रविवारची वेळ बारापर्यंत ओढली, बायकोने दोनदा घड्याळ दाखवलं. मनगट अंगठ्याच्या बाजूने इतकं दुखायला लागलं, की ऑफिसात माउस डाव्या हाताने चालवत होतो. तीन आठवडे सक्तीची विश्रांती. जे दोन आठवड्यांत उरकायचं म्हणून धावलो त्याला सहा लागले. एकविसाव्या पानावरचे हात मी अजूनही बघू शकत नाही. एका हाताला मला सहा बोटं दिसतात. मोजली तर पाचच आहेत, तरी दिसतात.

छपाईचं गणित मात्र मला आवडलं, माझ्या धंद्याला शोभणारं. मधोमध दुमडलेल्या पुस्तिकेत पानांची संख्या चारने भागली जावी लागते. २४ पानं म्हणजे ए-फोर आकाराचे सहा कागद, पाठपोट, मधोमध दुमडून. कागदाच्या एका बाजूला शेजारी-शेजारी छापल्या जाणाऱ्या पानांची बेरीज नेहमी २५ : पहिल्याशेजारी चोविसावं, दुसऱ्याशेजारी तेविसावं, अकराव्याशेजारी चौदावं. सहाशे डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके धरून, स्कॅन केलेली पानं या हिशेबाने लावली, तीस प्रती झेरॉक्स केल्या आणि एका रविवारी सात ते दहा दुमडत बसलो. घरातला स्टेपलर पानाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. तो पूर्ण उघडायचा, दुमडीखाली जाडसा खोडरबर ठेवायचा, पिन टोचायची, मग पुस्तिका उलटी करून पिनेचे पाय चमच्याने आत वळवायचे. तीस प्रतींच्या साठ पिना. मुलीने चमचा सांभाळला.

बायकोला मी मुद्दामच आधी काही दाखवलं नव्हतं. तिने पहिली प्रत घेतली, उभ्या उभ्या वाचली, दोनदा हसली. एकदा मी ठरवलेल्या जागी आणि एकदा भलतीकडेच. मग चौदाव्या पानावर थांबली.

"हे 'आणी' असं का लिहिलंयस? दुसरी वेलांटी?"

तिसऱ्या चौकटीत, सगळ्यात मोठ्या फुग्यात, 'आणी'. हाताने लिहिलेलं, शाईने गिरवलेलं, सहाशे डीपीआयला साफ केलेलं आणि तीस वेळा छापलेलं. चौदावं पान सगळ्यात आतल्या कागदावर येतं, म्हणजे तो एक कागद बदलला तरी चाललं असतं, पण त्यासाठी साठ पिना काढून परत साठ लावायच्या. शेवटी ब्लेडने खरवडायचं ठरलं. झेरॉक्सची शाई कागदावर वरवर बसलेली असते, हलक्या हाताने निघते. फक्त दुसरी वेलांटी अक्षराच्या उजवीकडे असते आणि पहिली डावीकडे. उजवीकडचं खरवडून झालं तरी डावीकडे 'आ' आणि 'ण' यांच्यामध्ये नवी वेलांटी बसायला जागाच सोडलेली नाही. सर्वांत बारीक पेनने, श्वास रोखून, ती कशीबशी उभी करावी लागते. काही प्रतींत ती 'आ'च्या कान्याला टेकली आहे.

अकरा प्रती झाल्या आहेत. उरलेल्या एकोणीस येत्या रविवारी, सात ते दहा.